भिक्खूचे गुडघे

व्हिएन्तिएन, ५ डिसेंबर १९९७

ती. बाबा व आई यांस,
मालायचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही मायलेकी खुशाल आहोत. केओचा पुढचा दात पडला. तो आजोबांना दाखवायचा म्हणून तिने काडेपेटीत ठेवलाय आणि काडेपेटी उशाशी घेऊन झोपते.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. आमचं कार्यालय परदेशी पाहुण्यांसाठी पुस्तिका काढतंय. व्हिसा कुठे मिळतो, पाणी उकळून प्यावं, देवळात खांदे झाकावेत, असलं सगळं त्यात येणार. मेकाँगचं पान माझ्या वाट्याला आलं. साहेब म्हणाले, नकाशे काढणाऱ्यांना विचारू नका, जो चाळीस वर्षं नाव चालवतोय त्याला विचारा. मी लगेच तुमचं नाव सांगितलं. हुआयसायहून खाली येताना कोणत्या महिन्यात जावं, धोका कुठे आहे, ते दोन ओळींत लिहा. दोनच ओळी हं, नाहीतर तुम्ही आजोबांच्या नावेपासून सुरुवात कराल.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.
तुमची मालाय

बान हातसा, २० डिसेंबर

चि. मालायस अनेक आशीर्वाद. चि. केओला गोड पापा.

इतक्या वर्षांत माझं कुणी ऐकलं नाही, तुझ्या आईने तर नाहीच. आता सरकार ऐकतंय म्हटल्यावर मी दाढी करून लिहायला बसलो. लिहून घे.

आपल्या गावाच्या वर नदीच्या मधोमध भिक्खू नावाचा खडक आहे. थंडीपासून एप्रिलातल्या आपल्या नववर्षापर्यंत तो गुडघ्यांपर्यंत उघडा असतो. त्याला उजव्या हाताला ठेवावं, नाव बिनघोर जाते. पावसाळ्यात तो पार बुडतो, तेव्हा सरळ वरून जावं.

ही काळ्या दगडावरची रेघ समज. माझ्या बापाने मला हेच सांगितलं होतं. तुझी आई म्हणते, पुस्तकात तिच्या शेवाळाच्या पापडांबद्दलही छापा.

येत जा. तुझे बाबा, थित ओन्सी

बान हातसा, १६ फेब्रुवारी १९९८

चि. मालायस अनेक आशीर्वाद.

यंदा पापड पाठवता येणार नाहीत. आई शेवाळ काढायला उतरली, तर दगड धुतल्यासारखे कोरे. वाळूवर लावलेला भुईमूगही कुजला. पाऊस नाही, आभाळ नाही, आणि एका सकाळी पाणी वाफ्यांत शिरलं. दुपारी परत गेलं. वर परक्या मुलखात नदीवर भिंत घातली आहे, तिची दारं उघडतात, असं बाजारात लोक बोलतात. लोकांना काय, जिभेला हाड नसतं.

ते पुस्तक छापलं का? नसेल छापलं, तर माझं पान गाळलंस तरी मी रागावणार नाही. म्हाताऱ्याचं बोलणं, त्यात काय एवढं. आणि नववर्षाला येशील तेव्हा उदोमसायवरून मोटारीने ये. आईला तिथल्या बाजारातून काही आणायचं आहे.

बाकी ठीक. तुझे बाबा

व्हिएन्तिएन, ८ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पुस्तिका छापून झाली. पाच हजार प्रती. तुमची वाक्यं जशीच्या तशी आहेत, खाली खडकाचं चित्र आणि तुमचं नावसुद्धा. साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मला किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगता येणार नाही. नावाड्याची पोर म्हणून इथे मला कमी का ऐकावं लागलं?

म्हणे पान गाळ! एवढी लाज तुम्हाला कधीपासून वाटायला लागली? आणि मोटारीचं तर सोडाच. पहिले आठ पाहुणे नववर्षाच्या आधी नदीने यायचेत आणि सोबत मलाच पाठवणार आहेत. केओलाही आणते. तिला तो भिक्खू बघायचाय, गावकरी त्याच्या खांद्यावर बांधतात ते भगवं कापड बघायचंय. नाव हुआयसायचा बुनलोम चालवणार. तो या बाजूला नवा आहे, पण तुमचं पान त्याने तोंडपाठ केलंय. आईला काय हवं ते कळवा, इथूनच आणते.

माया असू द्यावी. मालाय

बान हातसा, २९ मार्च

माझ्या मालायस आईचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांना न सांगता लिहिते आहे. मला उदोमसायहून काहीही नको. तू नदीने येऊ नकोस.

ते दिवसभर काठावर बसतात. वाळूत काठ्या रोवल्या आहेत, त्यांवर पाणी मोजतात. सकाळी दहाच्या सुमाराला चढतं, भिक्खू डोक्यासकट बुडतो, पण जेमतेम वीतभर. वरून पाणी ताटासारखं सपाट दिसतं. पंधरा दिवसांपूर्वी सोमवांगची मालाची नाव तिथे चिरली. तीस वर्षं नाव चालवलेला माणूस, तीन दिवसांनी खाली सापडला. तुझे बाबा त्याच्या चितेपाशी उभे होते, घरी आले आणि जेवले नाहीत. तीन वेळा तुला लिहायला बसले, तिन्ही कागद चुलीत घातले. मुलीची मान खाली जाईल, एवढंच म्हणतात. मान खाली गेली तर वर करता येते, बाई.

हे पत्र मिळताच कळव. मला झोप नाही. तुझी आई

व्हिएन्तिएन, २ एप्रिल

ती. आईबाबांस सा. न. वि. वि.

बरेच दिवस तुमचं पत्र नाही. टपाल नेहमीसारखं रेंगाळलं असेल. उद्या विमानाने हुआयसायला जाते. तिथे पाहुणे गोळा व्हायला आठवडा लागेल. १२ तारखेला पहाटे नाव सुटेल, अकराच्या सुमाराला भिक्खूपाशी आणि मग जेवायला घरी. चिकट भात जास्त शिजवा. केओने नावेच्या नाकावर वाहायला चाफ्याची फुलं आणि मेणबत्ती आतापासून बांधून ठेवली आहे. दाताची काडेपेटीही घेतली आहे.

भेटीची ओढ आहे. मालाय

बान हातसा, १२ एप्रिल, पहाटे

चि. मालायस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दिवेलागणीला आलं. हुआयसायला उलट्या धारेने जायला दीड दिवस लागतो, म्हणून तो विचार सोडला. काठावरून हात केला, हाका मारल्या, तर पाहुण्यांना नमस्कार समजून नाव पुढे जाईल. आईने तुला लिहिलं होतं, ते तिने काल सांगितलं. माझ्या आधी तिला सुचलं, नेहमीप्रमाणे.

मी वाक्य दिलं तेव्हा ते खरं होतं. फेब्रुवारीत खोटं झालं, आणि मला कळलंही. छापलेला शब्द मागे घ्यायची मला लाज वाटली. सोमवांगच्या चितेपाशीसुद्धा वाटली. हे लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगायला जमेल असं नाही.

बुनलोम भिक्खूचे गुडघे शोधेल. ते दिसणार नाहीत. सपाट पाणी बघून, पुस्तकात आहे तसंच, तो सरळ वरून यायला बघेल. म्हणून मी आता होडीने जातो. पाणी चढायच्या आत खडकाच्या माथ्यावर उभा राहतो. देवळातून भगवं कापड मागून आणलंय, ते खांद्यावर घेईन. काठ्यांच्या हिशेबाने अकराला पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत असेल. बुनलोमला लांबूनच दिसेन. भिक्खूच समजून तो मला उजव्या हाताला ठेवील. त्याने थांबू नये, माझ्यासाठी नाव वळवू नये, तिथे धार ओढते. केओने हात हलवला तर मी हलवीन.

काल काठीवरचं पाणी परवापेक्षा हातभर जास्त होतं. आजचं मला सांगता येत नाही.

पत्र भाताच्या टोपलीखाली ठेवतो. दात मला दाखवायचा राहिला तर आईला दाखवा. पान बदलून घे, साहेबांना माझं नाव सांगून. लोभ कमी करू नकोस.

तुझे बाबा, थित ओन्सी