डावीकडचं भोक

रविवार, १२ जानेवारी १९८६. सौंसर.

दादाच्या अर्धवट ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा डबा आज पांढुर्ण्याहून तसाच परत आणला. कुठे भोकं पाडायची त्या खुणा दादानं जाण्याच्या आठवडाभर आधी पेन्सिलीनं केल्या होत्या. पत्रेवाला हसला. "आवाजाचा नॉब डावीकडे? चुकले तुमचे भाऊ. उजवीकडे पाडून देतो." दादा डावखुरा होता, एवढंही मला सांगता आलं नाही. का?

संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, डब्याची पूजा करून राहिले काय? त्यायले गाणं ऐकाचं होतं."

खरं आहे. पण भोक पाडलं की पेन्सिलीची खूण जाणार. त्याच्या हातचं एवढंच उरलं आहे.

खोलीत जाऊन दार लावलं. डावीकडच्याच खुणेवर हातड्रिल टेकवलं, फिरवलं आणि पडलेला चुरा फुंकून टाकला.