वरदचा न उघडणारा फोटो

पनवेल, सोमवार

चि. सत्यजीत यास शशीमावशीचे पोटभर आशीर्वाद. खुर्चीत बसून बसून तुझी कंबर धरली असं सुमतीताई म्हणाली. तेल लावून शेक, आईचं जरा ऐकावं. आम्ही इथे मजेत, वरद माझ्याशी बोलत नाही एवढं सोडलं तर.

तू आपल्या मंडळाची वधूवर वेबसाइट करून दिलीस आणि फोनवर बजावलंस, की फोटोखालच्या चौकोनात त्याचं वर्णन लिही, फोटो उघडला नाही तर ते दिसेल. आता मला सांग, स्टुडिओत भाड्याचा ब्लेझर घालून काढलेला वरदचा फोटो न उघडायला काय झालं? कोण वाचतंय, म्हणून मी मनातलं लिहिलं. मुलगा फोटोपेक्षा जरा जाड आहे, कान वडिलांवर गेलेत, हसत नाहीये कारण बूट चावताहेत, एरवी फार गोड हसतो, भांडण झालं की आधी हाच चहा टाकतो. आणि मेला तो फोटो उघडलाच नाही! (स्टुडिओवाल्याने इतका जड दिलेला, की नुसतं चक्र फिरायचं आणि शेवटी फाटक्या चित्राची खूण.) माझा मजकूर अख्ख्या समाजाने वाचला. गव्हाणच्या गुणाबाईंनी तर हळदीकुंकवाला तोंडपाठ म्हणून दाखवला. वरदला ऑफिसात कळलं. तेव्हापासून मान खाली घालून जेवतो नि उठतो, या वेळी चहासुद्धा नाही. फार वाईट वाटतं रे. आधीच पोराला नकारावर नकार, त्यात आईनेच हसं केलं.

आणि परवा रोडपालीहून आभाच्या आईचा फोन! मुलगी ते वाचून पोट धरून हसली नि म्हणाली, याला भेटायचंय. रविवारी येताहेत. मी देवापुढे साखर ठेवली. पण तुझ्या काकांना कोण आवरणार? त्यांनी त्याच संध्याकाळी फोटो हलका करून घेतला नि पुन्हा चढवला. (पासवर्ड त्यांच्याकडे. मला विचारतंय कोण!) आता तो झटक्यात उघडतो आणि माझा मजकूर गायब. स्टुडिओवाल्याने वरदला गोरा केलाय, कान आत दाबलेत, तीळ पुसलाय. मी जन्म दिला, तरी क्षणभर बघतच राहिले. काल आभाच्या आईने विचारलं, हा तुमचाच मुलगा ना, की दुसऱ्याच कुणाचा फोटो लागलाय? बाईंचा आवाज बदलला होता. मला जेवण गेलं नाही.

बाकी सर्व ठीक. कंबर शेक.

तुझी,
शशीमावशी

ता. क. पत्राचं खरं कारण म्हणजे, रविवारपर्यंत तो फोटो पुन्हा बिघडव. काकांनी विचारलं तर सर्व्हरवर ढकल.

ता. क. या पत्राचा फोटो काढून वरदच तुला पाठवेल (न बोलता). नाही उघडला तर फोन कर.

ता. क. सत्यादादा, हे मी लिहितोय. रविवारपर्यंत नको, तो फोटो कायमचाच काढ. आईने लिहिलंय तेच राहू दे. चहा टाकलाय, उतू जाईल, पळतो. — वरद