मियाझाकीचा रस्ता

मियोशी, २६ सप्टेंबर

चि. मिहारू, भावी आकाशगामिनी, हिला आशीर्वाद.

आई मजेत, मीही, तिच्या मते. अक्षर तिचं, वाक्यं माझी. पितरांच्या आठवड्यात थडग्यांवरच्या पाट्या लिहून मनगट भरून आलंय.

वैमानिक होण्याचे चार रस्ते पाठवून ‘बाबा, तुलना करा’ म्हणतेस. बसमध्येही गरगरणाऱ्या माणसाला! असो. अमेरिकेत लायसन्स लवकर मिळतं, पण इथे परतल्यावर पुन्हा परीक्षा. खासगी विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, आणि फी ऐकून आपल्या देवळातला बुद्ध अर्धे मिटलेले डोळेही सताड उघडेल. विमान कंपनी स्वतःच्या खर्चाने शिकवते; मात्र आधी पदवी हवी, शिवाय हजारोंतून मूठभर घेतात. उरलं मियाझाकीचं सरकारी विद्यालय. विद्यापीठाची दोन वर्षं झालेल्यांना घेतात, म्हणजे तुला आत्ताच.

माझं पांडित्य कंपनीकडे झुकतं. पदवी होते, खर्च वाचतो, अजून दोन वर्षं तू शनिवारी घरी येतेस. शेवटच्या मुद्द्याला न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात.

काल कुरामोतो आजोबा आले होते, देवळाला बांधलेल्या सगळ्या कुटुंबांच्या वतीने.

“गुरुजी, तुमच्यामागे देऊळ चालवायला वारसाचं काय? डोंगरापलीकडच्या देवळातल्या गुरुजींचा धाकटा मुलगा मोकळा आहे. जावई म्हणून दत्तक घ्या. घोरतो जरा, पण मंत्र खणखणीत.”

“मिहारूला नाही चालायचं. तिला इंजिन ऐकू यायला हवं.”

“थट्टा पुरे हो! पोरगी दोन वर्षांनी हो म्हणाली तरी थांबू आम्ही.”

आईचा चहा ओतणारा हात थांबला.

“थांबू नका,” मी म्हटलं. “मुख्य मठाला कळवा. दुसरा गुरुजी पाठवू देत.”

आजोबांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “देवळाचं घर सोडावं लागेल, गुरुजी.”

“ठाऊक आहे.”

वसंतात नवे गुरुजी येतील. आम्ही खाली स्टेशनजवळ दोन खोल्या बघतोय. तेव्हा शनिवारी परत येण्यासारखं इथे काही उरणार नाही. मियाझाकीची परीक्षा दे.

मनगट भरून आलेलं नाही, बाळ. ही थरथर जाणारी नाही, असं डॉक्टर म्हणतात. आधी सांगितलं असतं तर तू त्या घोरणाऱ्याला हो म्हणाली असतीस. आता देऊळच दिलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आई म्हणते, पुरे. पुरेच.

खालचा शब्द तेवढा माझ्या हातचा. अक्षर लागेल बहुतेक.

बाबा