खातेदाराला फोन द्या

वैशाली, गाझियाबाद
६ ऑगस्ट २००८

ती. स्व. ताईस, दीनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन आईच्या पलंगाशेजारी असल्यामुळे माझ्या दुखण्याविषयी सुरेखाला काही विचारताच येत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. तेव्हा आता पत्रंच लिहीत जाऊ. मला तरी दुसरं काय जमतंय!

प्रकृती सुधारते आहे. कर्करोग गेला, जाताना स्वरयंत्र घेऊन गेला. गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेतो. त्यावर बांधायला सुरेखानं मलमलीचे रुमाल शिवलेत, रोज वेगळ्या रंगाचा. बोलणं पाटीवर. भांडणात मात्र माझा फार तोटा होतो. मी मुद्दा लिहून संपवेपर्यंत ती स्वयंपाकघरात निघून गेलेली असते.

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असतो तर भाजीवाल्यापासून सगळ्यांनी हळहळ केली असती. इथे रिटायर झाल्यावर राहायला आलो आणि लगेच ऑपरेशन झालं. या टॉवरमध्ये माझा आवाज कुणी ऐकलेलाच नाही. त्यांच्या लेखी मी जन्माचा मुका.

आता चांगली बातमी. गळ्याला बाहेरून लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. बटण दाबलं की ते गुणगुणतं, आणि आपण ओठ हलवले की त्या गुणगुणण्याचे शब्द होतात. डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा मला हसूच आलं, पण शब्द कळत होते. दिल्लीच्या दुकानांत ते नाही. शेवटी लेक कामाला आली. देविकानं गुडगावच्या ऑफिसमधून इंटरनेटवर एक कंपनी शोधली आणि माझ्या नावानं, माझ्या कार्डावर ऑर्डर दिली. दहा दिवसांत घरपोच मिळेल असं त्यांनी लिहून दिलं आहे. यंत्र आलं की पहिला फोन आईला. तोवर तू तिला सगळं सांगून ठेव. घसा सुजलाय ही थाप आता फार जुनी झाली.

तिला माझा नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
दीना

---

सांगली
१५ ऑगस्ट २००८

चि. दीनास, ताईचे अनेक आशीर्वाद. (एकसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना मजा वाटते.)

तू सांगितल्याप्रमाणे मंगळवारी सकाळी आईला सगळं सांगितलं. सकाळी तिचं डोकं स्वच्छ असतं म्हणून ती वेळ धरली. रडली. मग माझ्यावर चिडली, एवढं झालं आणि मला सांगितलं नाहीत म्हणून. नंतर विचारलं, त्या यंत्रातून तो बोलेल तेव्हा कसा वाटेल.  मी टेबलफॅन लावला, त्याच्यासमोर तोंड धरलं आणि आई, मी दीना बोलतोय, असं म्हटलं. आधी दचकली, मग इतकी हसली की ठसका लागला. आणखी दोनदा करायला लावलं. आवाज कसा का असेना, लवकर फोन करायला सांग, म्हणाली.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. गेले काही महिने ती विसरायला लागली आहे. दुपारनंतर कधी कधी मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारते. नाना कचेरीतून आले का विचारते. त्यांना जाऊन किती काळ लोटला! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे आता उतरणीलाच लागणार. तिला जे सांगायचं, बोलायचं असेल त्याला फार उशीर करू नका, असंही म्हणाले. दिल्लीहून तू निघावंस असं मनात येतं, पण गळ्याच्या जखमेला प्रवासाची धूळ चालायची नाही असं सुरेखा म्हणाली. म्हणून त्या यंत्राकडे डोळे लावून बसले आहे. आई तर फोनशेजारची खुर्ची सोडत नाही.

सुरेखाला, देविकाला आशीर्वाद. प्रकृतीला जप.
ताई

---

वैशाली
३० ऑगस्ट २००८

ती. स्व. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

यंत्र आलेलं नाही. कंपनीच्या पानावर पार्सल निघालं आहे एवढंच रोज दिसतं. कुठून निघालं, कुठे पोचलं, काही नाही.

सुरेखा त्यांना फोन करते. पलीकडची मुलगी गोड बोलते, नंबर विचारते आणि मग म्हणते, ऑर्डर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल, खातेदाराला फोन द्या. सुरेखानं सांगितलं, की ते बोलू शकत नाहीत, बोलता यावं म्हणूनच तर ही वस्तू मागवली आहे. मुलीनं फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि पुन्हा खातेदाराला फोन द्यायला सांगितलं. देविकानं ईमेल केले. प्रत्येकाला तेच उत्तर येतं, आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची आहे.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधले शंकर नेगी म्हणाले, की अरे यार, मीच दीनानाथ बनतो. त्यांनी रुबाबात फोन लावला. नाव बरोबर सांगितलं, पत्ता सांगितला. मग मुलीनं आईचं माहेरचं आडनाव विचारलं. मी घाईघाईनं पाटीवर जयवंत लिहिलं, पण देवनागरीत लिहूनही नेगीजींनी ते यशवंत वाचलं. फोन बंद. आम्ही तिघं हसलो. 

काल मी स्वतःच साहिबाबादला कुरियरच्या गोदामावर गेलो. सगळी हकीकत हिंदीत कागदावर लिहून नेली होती. दारावरच्या शिपायाला कागद दिला, गळ्याकडे बोट दाखवलं. रेल्वेत मुके लोक मदतीची कार्डं वाटत फिरतात ना, तसलाच कोणी असं त्याला वाटलं असावं. त्यानं न वाचता कागद परत केला, वर एक नाणं ठेवलं आणि हात जोडून पुढे जायला सांगितलं. मी ते नाणं परत द्यायला गेलो तर तो रागावला. मागे रांग होती. मी बाजूला झालो. ताई, चाळीस वर्षं सरकारी नोकरीत मी लोकांचे अर्ज वाचले, पण माझा कागद वाचायला तिथं माणूस मिळाला नाही.

आईला काय सांगशील ते तूच ठरव. तुझ्या मायेचाच आधार आहे.
दीना

---

सांगली
९ सप्टेंबर २००८

चि. दीनास अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग राग आला, आणि राग आला की मी घरात बसत नाही हे तुला माहीत आहे. आमच्या शाळेतल्या सुमित्राबाई आता ग्राहक पंचायतीचं काम करतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी सांगितलं ते लिहिते. मुदत देऊन माल वेळेत दिला नाही, तर ती सेवेतली त्रुटी. ऑर्डर दुकानात दिली काय आणि इंटरनेटवर दिली काय, फरक नाही. आधी कंपनीला रजिस्टर पत्रानं नोटीस पाठवायची आणि पोचपावती जपायची. दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार करायची. त्याला वकील लागत नाही. कंपनीनं बारीक अक्षरात बंगलोरच्याच कोर्टात या असं छापलं असेल, तर घाबरायचं नाही. माल गाझियाबादला पोचायचा होता, तेव्हा तक्रार गाझियाबादलाच करता येते. आणि मुख्य म्हणजे हे सगळं लिहून करायचं असतं, बोलून नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. लिहिण्यात तुझा हात कोण धरणार!

आई गणपतीत बरी होती. परवापासून फोनशेजारची खुर्ची सोडली आहे. मी आठवण दिली तर कोणाचा फोन, असं विचारलं. सांगितल्यावर, हो हो, दीनाचा, म्हणाली. पण ते माझं मन राखायला असावं. मी पुन्हा फॅन लावून बोलून दाखवलं. या वेळी हसली नाही. तो पंखा बंद कर, थंडी वाजते, म्हणाली.

कंपनीला कडक शब्दांत लिही. आशीर्वाद.
ताई

---

वैशाली
१७ नोव्हेंबर २००८

ती. स्व. ताईस, सा. न.

नोटिशीला उत्तर आलं होतं. दिलेली मुदत केवळ अंदाजे होती, आणि उशिराची जबाबदारी कंपनीवर नाही हे मी खूण करून मान्य केलं आहे, असं त्यात होतं. देविका म्हणते, ती खूण केल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकतच नाही. मंचात तक्रार दाखल केली. त्यानंतर, दिवाळीही उलटल्यावर, एका दुपारी पार्सल दारात आलं. आणणाऱ्यानं सही घेतली आणि लिफ्ट थांबवून ठेवली होती म्हणून पळाला.

मी रोज आरशासमोर सराव केला. सुरेखा म्हणते, निवडणुकीच्या जीपवरच्या भोंग्यासारखा आवाज येतो. पण म्हणताना रडत होती. नेगीजींना मी पहिल्यांदा नमस्कार म्हटलं तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली.

त्यानंतर रविवारी सांगलीला जो फोन केला त्याचं काय झालं ते तुला माहीतच आहे. मी आई म्हटलं, दीना बोलतोय म्हटलं. माझा दीना असा बोलत नाही, म्हाताऱ्या माणसाची थट्टा करता का, लाज वाटत नाही का, एवढं मला ऐकू आलं. मग फोन आपटल्याचा आवाज. पुन्हा लावायचं धैर्य झालं नाही.

आणखी लिहवत नाही. लोभ ठेव.
दीना

---

सांगली
२५ नोव्हेंबर २००८

चि. दीनास अनेक आशीर्वाद.

त्या रविवारचं मनाला लावून घेऊ नकोस. फोन ठेवल्यावर तिनं पदरानं रिसीव्हर पुसला आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऑपरेशन, यंत्र, टेबलफॅन. ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मला विचारलं, दीनाच्या घशाची सूज उतरली का गं? ऑगस्टात जी आई हे सगळं समजून खळखळून हसली होती, ती आता इथे नाही.

पण परवा तू फोन केलास तेव्हा मी आंघोळीला गेले होते, आणि तिनंच उचलला. मी बाहेर आले तर बाईसाहेब गप्पा मारताहेत! नंतर म्हणाली, दिल्लीचे कोणी गृहस्थ आहेत, आवाज घोगरा आहे बिचाऱ्यांचा, पण माणूस सभ्य आहे. लिंबाच्या लोणच्यात साखर कधी घालायची ते त्यांना सांगितलं.

दीना, मी तुला काय सांगणार? तिला तुझी ओळख पटवायचा आग्रह आता आपण सोडू या असं वाटतं. दर वेळी ती घाबरते, नाहीतर चिडते. गृहस्थ म्हणून फोन केलास तर निदान बोलते तरी. तुला हे सोसेल का, ते माहीत नाही. मलाच लिहिताना सोसत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद.
ताई

---

वैशाली
१२ एप्रिल २००९

ती. स्व. ताईस, दीनाचा साष्टांग नमस्कार.

मंचाचा निकाल लागला. सुनावणीला मी स्वतःच बोललो. यंत्र गळ्याला लावलं तशी मागच्या बाकावरची माणसं उठून बघायला लागली. अध्यक्ष सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, की वस्तू मिळाली, चालते आहे, मग उशिरामुळे नुकसान नेमकं काय झालं? मी सांगितलं, माझ्या आईला ऑगस्टात समजलं असतं, नोव्हेंबरात समजलं नाही. कंपनीचा वकील देविकाच्याच वयाचा असेल. तो उठून आदबीनं म्हणाला, की तक्रारदार आज ज्या यंत्रानं बोलत आहेत ते आम्हीच दिलेलं आहे, त्यांना बोलता येतं आहे, मग नुकसान कुठे आहे?  काही वेळ बटण दाबलेलंच राहिलं. यंत्र नुसतं गुणगुणत होतं.

उशीर ही सेवेतली त्रुटी आहे असं मंचानं मान्य केलं. सुमित्राबाईंना आवर्जून सांग, त्यांचा शब्द अगदी खरा ठरला. पोचवण्याचा खर्च परत, आणि मानसिक त्रासाबद्दल थोडी रक्कम. बाकीची मागणी पुराव्याअभावी नामंजूर. अध्यक्षांना दोष देत नाही. त्यांनी तरी काय मोजायचं होतं? कंपनी आता लखनौला राज्य आयोगाकडे अपिलात जाणार म्हणे. मी सुरेखाला सांगितलं, जाऊ देत.

काल तू बँकेत गेली होतीस तेव्हा आईशी निवांत बोलणं झालं. उन्हाळा, पाणी, सांडगे, सगळं झालं. मग तिनं विचारलं, की तुमच्या आवाजाला काय झालंय, रागावणार नसाल तर सांगा. मी म्हटलं, घशाचं ऑपरेशन झालं. दुखतं का म्हणाली. नाही म्हटलं.  मला वाटलं, फोन ठेवून गेली. मग एकदम म्हणाली, तुमच्या आईला हे सांगितलंत की नाही? आयांपासून लपवतात मुलं, वाईट वाटेल म्हणून. तसं करू नका.

मी म्हटलं, सांगितलंय.

बरं केलंत, म्हणाली, आणि जपून राहा म्हणून तिनं फोन ठेवला.

तू थकली असशील, दुपारची पडत जा. आमच्यावर माया असू दे.
तुझा,
दीना