दुलीचंद शेठच्या चाळीचा खोटा शेरा आणि माझे घर

मी, यादोराव सोमाजी बिसेन, वय एकसष्ट, निवृत्त सॅनिटरी इन्स्पेक्टर, राहणार गोंदिया, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. पत्नी वारली आहे. अपत्य नाही.

१. माझे दोन खोल्यांचे कौलारू घर, विहिरीसह, देवकाबाई, दुधराम यांची विधवा, धंदा विडी वळणे, यांस द्यावे. पुतण्या छोटेलाल कारण विचारील, म्हणून लिहितो.

सन १९२६ च्या उन्हाळ्यात दुलीचंद शेठ यांच्या चाळीची तपासणी माझ्याकडे होती. बारा खोल्या, एक संडास, एक विहीर. शेठजींनी ओसरीवर खुर्ची दिली, सरबत दिले. ऊन फार होते. मी मागच्या अंगणात न जाताच 'स्थिती समाधानकारक' असा शेरा लिहिला. तीन आठवड्यांत चाळीत कॉलरा आला. दुधराम आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी धुरपता एकाच दिवशी गेली. मग मी मागे गेलो. संडासाची घाण विहिरीत झिरपत होती. विहीर मी बंद करविली, त्याबद्दल माझी तारीफ झाली. पहिला शेरा कोणी काढून पाहिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी देवकाबाईंकडे जाऊन हे सांगितले. त्यांचे विडी वळणे थांबले नाही.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तुमी मांगं आलेच नाही. मी तटीच विहिरीवर पानी भरत होती."

तपासणीच्या दिवशीच का बोलल्या नाहीत, असे मी विचारले.

"बोलली असती तं शेठनं खोली खाली करवली असती. मंग धुरपताले घेऊन कोठी जाऊ?"

मग मी हे घर त्यांस देण्याची गोष्ट काढली.

२. सायकल व छत्री छोटेलालला. सायकलचा ब्रेक लागत नाही.

३. दुलीचंद शेठ यांस फिनेलचा अर्धा डबा. संडास अद्याप तोच आहे.

४. देवकाबाईंनी घर घेण्याचे कबूल केले आहे. मात्र माझ्या तसबिरीला हार घालणार नाही, तसबीर घरात ठेवणारही नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते मला मान्य आहे. तसबीर छोटेलालने न्यावी आणि त्याबद्दल बाईंशी एक शब्द बोलू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, दोघांसमक्ष वाचून सही केली.

यादोराव सोमाजी बिसेन

साक्षीदार:
केवळराम, शिक्षक (सही)
उदाराम, शेतकरी, मुक्काम सौंदड (डाव्या अंगठ्याचा ठसा)

गोंदिया, १२ मार्च १९३८