सविताच्या पिस्तुलात माझा अंगठा

ती. स्व. वसंतदादा व सौ. वहिनी यांना,

दुबईहून श्रीनाथचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तेवढा चालवून घ्यावा.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि इतक्या वर्षांनी तुम्ही त्यांना स्पष्ट दिसलात, त्यावर त्या काय म्हणाल्या ते तुम्ही फोनवर टाळलंत, पण आम्ही काय ते समजलो. इकडे आमच्या लेकीचं, शिवानीचं, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात छान बस्तान बसलं आहे, सविताची तब्येत उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम आहे, आणि मी जिवंत आहे. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन आला की सविता तो स्पीकरवर टाकते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही मला पाठवलेलं उत्तर माझ्याआधी तीच वाचते. तेव्हा कागद हा एकच मार्ग उरला. झाल्या प्रकाराची तिची बाजू तुमच्या कानावर आली असेलच. ही माझी.

तुमच्या बहिणीने वयाच्या बावन्नाव्या वर्षी हातात पिस्तूल घेतलं यात माझा काडीचा दोष नाही. मागच्या वर्षी शिवानीच्या कंपनीने सगळ्यांना घरच्यांसकट अल ऐन रस्त्यावरच्या एका शूटिंग क्लबात नेलं होतं. प्रत्येकाला पाच गोळ्या. शिवानीने डोळे मिटून पाच झाडल्या. माझ्या पाचांपैकी दोन शेजारच्या माणसाच्या कागदावर सापडल्या (त्याने माझे आभार मानले, कारण त्याचे गुण वाढले). आणि सविताने चष्मा पुसला, श्वास सोडला, आणि पाचही गोळ्या आमटीच्या वाटीखाली झाकल्या जातील अशा बसवल्या. तिथल्या माणसाने विचारलं, मॅडम आर्मीत होत्या का? तर म्हणे, नाही, सत्तावीस वर्षं दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी आम्ही क्लबात. ती नेम धरते, मी बॅग धरतो.

आता माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. अल क्वोजमध्ये शेड, पत्रे वाकवायचे, एसीचे डक्ट करायचे. क्लबने सरावाच्या गोळ्या स्वतःच भरायचा परवाना काढला (इथे कुणी घरी असले उद्योग करू गेला तर त्याचं पुढचं पत्र तुरुंगातून येईल, क्लबचं सगळं रीतसर, खोलीला कुलूप, दाराला कॅमेरा) आणि त्या खोलीतला धूर बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. खोलीचे सर्वेसर्वा नूरुद्दीनभाई. मूळचे हर्णैचे, साठीला आलेले, बावीस वर्षं या क्लबात. विजेच्या भांड्यात शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गार झालेली गोळी काडतुसात बसवायची, हे सगळं तो माणूस इतक्या शांतपणे करतो की बघणाऱ्याला वाटावं, मोदक वळतोय. माझ्या पंख्याचं उद्घाटन झालं, नूरुद्दीनभाईंनी भांडं चालू केलं, आणि दोन मिनिटांत बाहेरची सगळी वाळू खोलीत. आमच्या वायरमनने दोन वायरी उलट जोडल्या होत्या, त्यामुळे माझा पंखा धूर बाहेर फेकण्याऐवजी वाळवंट आत ओढत होता. नूरुद्दीनभाईंनी तत्काळ भांडं बंद केलं, सगळ्यांना बाहेर काढलं, डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, "श्रीनाथभाऊ, पंखा मस्त आहे. तोंड तेवढं फिरवा."

क्लबचे मॅनेजर हम्माद शेजारीच उभे होते, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यावर वाळूची नक्षी झालेली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला काहीतरी भारदस्त बोलणं भाग होतं. मी म्हणालो की काळजी नको, गोळ्यांचं ज्ञान आमच्या घरातच आहे, माझ्या मिसेसचे मोठे भाऊ चौतीस वर्षं इंडियात सरकारी दारूगोळा कारखान्यात होते. (तुम्ही टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडत होतात, हे सांगायचं राहून गेलं. म्हणजे मी थांबलो होतो, पण तेवढ्यात ते "माशाल्ला" म्हणाले, आणि माशाल्लानंतर टाइम ऑफिस शोभलं नसतं.) झालं, हम्मादनी तिथल्या तिथे ठरवलं. वार्षिक मॅच तोंडावर आहे, नूरुद्दीनभाई एकटे आहेत, तर श्रीनाथ शुक्रवारी दुपारी येऊन मदत करतील. सविता कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "तुम्ही बॅग धरता ते बरं चाललंय." मी ऐकलं असतं तर हे पत्र तुमच्या गुडघ्याच्या चौकशीवरच संपलं असतं.

पहिल्या शुक्रवारी मी सुलेमानी चहाचे दोन कप घेऊन गेलो. नूरुद्दीनभाईंनी मला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला तो दारातून मागे ढकलायला. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब जरी पडला तरी ते उसळून तोंडावर येतं, आणि त्या खोलीत खाणं-पिणं नाही, तोंडाला हात नाही, निघताना हात घासून धुवायचे. मी चहा बाहेर बसून एकट्याने दोन्ही कप प्यायलो आणि मग आत गेलो. मला काम मिळालं सगळ्यात सोपं. एक पोलादी ठोकळा, त्याला पिस्तुलाच्या नळीच्या मापाचं भोक. तयार काडतूस त्यात सोडायचं. ते टक् करून आपल्या वजनाने आत पडलं पाहिजे आणि ठोकळा उलटा केला की आपल्या वजनाने बाहेर. पडलं तर पास, नाही पडलं तर लाल डबीत. "शिसं मऊ असतं," नूरुद्दीनभाई म्हणाले, "पण हट्टी. केसभर फुगलं तरी पिस्तूल घेत नाही. जबरदस्ती करायची नाही." पास झालेल्यांची डबी भरली की आत चिठ्ठी टाकायची, तपासणाऱ्याच्या सहीसकट.

दादा, पहिलं शतक मी अगदी इमानाने केलं. टक्, उलटा, टक्. दुसऱ्या शतकात माझ्या मनात तुलना यायला लागली. आमच्या डक्टच्या धंद्यात पाव इंच म्हणजे काहीच नाही. नाही बसलं तर लाकडी हातोडा, त्यावर सिलिकॉन, खलास. इथे काडतूस अगदी थोडं वर राहत होतं, नखाच्या जाडीएवढंही नाही. मी अंगठ्याने हलकंच दाबलं. गेलं की आत! काढताना जरा ओढावं लागलं, पण शेवटी बाहेर आलंच ना? मग पुढचंही दाबलं. माझी लाल डबी रिकामी बघून मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. नूरुद्दीनभाई मशीनपाशी पाठमोरे होते. त्यांनी एकदा विचारलं, "एवढे सगळे पास?" मी म्हटलं, "तुमच्या हाताचं काम आहे, नापास कसं होईल?" म्हातारा लाजला, दादा. ते लाजणं मला अजून सलतंय.

मॅचचा शनिवार. महिलांच्या गटात नऊ जणी, त्यात तुमची बहीण वयाने सगळ्यात मोठी आणि एमान नावाची मुलगी सगळ्यात लहान (बावीस वर्षांची, डेंटिस्ट, हात दगडासारखा स्थिर, हिच्याकडे दात काढायला जावं). सविताने शिवानीलाही बोलावलं होतं. पहिल्या पाच गोळ्या सुरेख. सहावीला पिस्तूल अर्धवट उघडं राहिलं. सविताने नळी निशाणाकडेच ठेवली, बोट ट्रिगरवरून काढलं, दुसरा हात वर केला. पंच आला, अडकलेलं काडतूस काढलं, पुन्हा सुरुवात. दोन गोळ्यांनंतर पुन्हा तेच. प्रेक्षकांत कुजबुज. तिसऱ्यांदा अडकलं, सविताने पुन्हा हात वर केला. वर्षभर रोज पहाटे पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून धरून ठेवणारी बाई, आणि त्या दिवशी निम्मा वेळ पंचाला बोलावण्यासाठी हात वर धरून उभी. शिवानी माझ्या कानात म्हणाली, "बाबा, व्हाय इज हर गन डुइंग दॅट?" मला उत्तर ठाऊक होतं. ते माझ्या उजव्या हाताला चिकटलेलं होतं.

हम्मादनी मॅच थांबवली. सविताच्या वाट्याला आलेली डबी मागवली, काडतुसं ठोकळ्यात घालून बघितली. एक राहिलं वर, दुसरं राहिलं वर. तो भला माणूस कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. "नूरुद्दीन, ये क्या है? बावीस साल में ऐसा कभी नहीं हुआ. किसी को लग जाता तो? मैं लायसन्सवालों को क्या बोलूँ?" नूरुद्दीनभाई मान खाली घालून उभे. डबीतली चिठ्ठी त्यांच्या हातात होती, त्यावर माझी ऐटबाज मराठी सही. हम्मादना मराठी येत नाही. नूरुद्दीनभाईंना येते. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "मेरी खोली, मेरी जिम्मेदारी, सर."

मी इथे खरं लिहितो. मिनिटभर मी गप्प बसलो. मनात म्हटलं, वायरमनवर ढकलता येईल का? (गोळ्यांशी वायरमनचा काय संबंध, पण घाबरलेला माणूस ओळखीचा दोषी शोधतो.) मग माझी नजर सविताकडे गेली. ती रागाने बघत असती तर मी कदाचित तसाच बसलो असतो, रागाची मला सवय आहे. ती फक्त वाट बघत होती. पोराला उत्तर येतंय हे माहीत असलेली मास्तरीण बघते तशी. मी उठलो, कंबरेत कळ आली, तसाच वाकडा चालत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हम्माद सर, नूरुद्दीनभाई की गलती नहीं है. मैंने अंगूठे से दबाया." आणि अंगठा वर करून दाखवला. दादा, तो दाखवायची गरज नव्हती. मागच्या रांगेतल्या दोघांना वाटलं सगळं ठीक आहे असं मी सांगतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हम्मादनी माझा अंगठा हाताने खाली केला. मग त्यांनी नूरुद्दीनभाईंचा खांदा धरला, सगळ्यांसमोर माफी मागितली, आणि मला म्हणाले, "यल्ला, हबीबी, तुम बाहर बैठो." सविताला नूरुद्दीनभाईंनी स्वतः पुन्हा तपासलेल्या गोळ्या मिळाल्या आणि पहिल्यापासून सगळी फेरी. ती मी दाराच्या काचेतून बघितली. एकही अडकली नाही. दोन गुणांनी एमान पहिली आली, सविता दुसरी. एमानने तिला मिठी मारली आणि आपल्या आईला बोलावून सांगितलं, की बघ, अशा वयातही असं येतं. (सविताला ते "अशा वयातही" फारसं आवडलं नाही, पण पदक गळ्यात होतं.)

माझी शिक्षा म्हणजे माझ्या हातून गेलेली प्रत्येक डबी पुन्हा तपासायची, नूरुद्दीनभाईंच्या समोर बसून, अंगठा मुठीत ठेवून. चार शुक्रवार लागले. पहिल्या शुक्रवारी मी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "माफी नंतर, आधी टक्." चौथ्या शुक्रवारी त्यांनी घरून फणसाची सांदणं आणली आणि खोलीबाहेर बसवून, हात धुवायला लावून, मला खायला घातली. तेव्हा मी त्यांना तुमचं टाइम ऑफिसही सांगून टाकलं. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, हजेरी मांडणारा माणूस इथे असता तर बरंच झालं असतं, तुमच्यावर लक्ष ठेवलं असतं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा. बाकी क्षेम.

तुमचा,
श्रीनाथ

ता. क. : एक अगदी किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. पुढच्या महिन्यात सविताची अबूधाबीला मॅच आहे आणि ती म्हणते, मी एकटी जाईन, तुम्ही घरी बसा. दादा, मी काहीच करणार नाही. गोळीला हात लावणार नाही, कारखान्याचं नाव काढणार नाही, फक्त बॅग धरेन. ती जगात फक्त तुमचंच ऐकते. तुम्ही सहज फोन केल्यासारखा करून सहज विषय काढल्यासारखा काढा. हे सगळं पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : आमच्या मजल्यावरचे दत्ताराम परवा जळगावला निघालेत, त्यांच्याबरोबर खजुराचा डबा पाठवतोय. पत्र तळाशी कागदाखाली आहे. सविताला याचा पत्ता नाही. वाचून फाडून टाका.

ता. क. ३ : दादा, मी सविता. खजूर भरलेला डबा बंद होईना म्हणून उघडून बघितला. यांनी तीन वेळा अडकलं असं लिहिलंय, ते चार वेळा. आणि हम्मादसमोर हे मिनिटभर गप्प होते असंही लिहिलंय. मी मनात आकडे मोजत होते, अकरा सेकंद. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आपली चूक आहे हे यांनी अकरा सेकंदांत कधीच कबूल केलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी दोन दिवस लागतात. अबूधाबीच्या हॉटेलात दोघांचं बुकिंग मी मागच्याच आठवड्यात केलंय. पण तू मात्र फोन कर, आणि सविता ऐकतच नाही म्हणून यांना सांग. सध्या पहाटे यांच्या हातचा चहा आयता मिळतोय.