पिवळ्या मानेचा कोंबडा

बाबा, काल बर्मिंगहॅमच्या कोंबड्यांच्या शोमध्ये आपल्याकडे होता तसाच एक पांढरा, बुटक्या बँटम जातीचा कोंबडा बघितला आणि तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीय हे आठवलं. आपल्या कोंबड्याला हळद मी लावली होती. व्हेटचा काही दोष नव्हता, आणि तुम्ही शेवटपर्यंत त्या बिचाऱ्याच्या नावानं खडे फोडलेत.

त्या जातीच्या नराचा तुरा आणि चोचीखालचे लोंबते लाल गोळे कापून डोकं गुळगुळीत केल्याशिवाय जज ढुंकून बघत नसत. तुम्ही व्हेटकडून ते करून आणलंत. मी बावीस वर्षांची घोडी, लेस्टरच्या आपल्या किचनमध्ये त्याला मांडीवर घेऊन रडत बसले. "रडतेस काय? शोचा नियमच आहे तो," तुम्ही म्हणालात. वर हेही सांगितलंत की पहिला आला तर लीड्सचा एक माणूस त्याला घेऊन जाणार, तसा शब्द दिलाय. मला न विचारता. अंड्यातून निघाल्यापासून त्याला मी वाढवलं होतं, बाबा. फार राग आला होता तुमचा.

तुमची पाठ वळली की मी जखमेवर हळद लावायचे. आपल्याकडे गुडघा फुटला तरी हळद, मग याला का नाही? जखम छान भरली, पण मान पिवळीधमक झाली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बेधडक म्हणाले, "व्हेटचं औषध असेल."

शोच्या आदल्या दिवशी तुम्ही बाह्या सरसावून त्याला सिंकमध्ये बसवता. "काहीतरी दे गं धुवायला," म्हणता. मी देते. दोन मिनिटांत मान लालभडक. जितकं चोळावं तितकी लाल. "अहो, लग्नाला निघालाय का हा?" आई दारातून विचारते, मग माझ्याकडे बघते आणि आत निघून जाते. दुसऱ्या दिवशी जजनं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कार्डावर लिहिलं, 'चुकीचा रंग'. लीड्सचा माणूस चहासुद्धा न घेता गेला. परतताना गाडीत तुमचं तोंड बघून मला खरंच वाईट वाटलं.

कोंबडा मात्र आपल्याकडेच राहिला. सात वर्षं उजाडायच्या आत आरवून त्यानं शेजाऱ्यांना कौन्सिलकडे तक्रारी करायला लावल्या. म्हातारपणी तुमच्याच मांडीवर झोपायचा. नशिबानं राहिला, असं तुम्ही येईल त्याला सांगायचात.

नशीब कसलं, बाबा. तुम्ही उभ्या आयुष्यात एक कपडा धुतला नाहीत, म्हणून तुम्हाला ठाऊक नव्हतं. हळदीच्या डागाला कपड्यांचा साबण लागला की तो लाल होतो, हे मला चांगलं माहीत होतं. तुम्ही आज हयात असतात तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं. त्याला नेहमी धुवायची ती बेबी शाम्पूची बाटली तेव्हा माझ्या पाठीमागेच होती.